खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेतच कळली, ती एका सावकारी पत्रातून. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात ही हकिगत आहे आणि महाराष्ट्रात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खाली खुर्दा किती सांडला त्याचा हिशेबच लागत नाही, असा त्या पत्राचा मतलब. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. पत्र परक्याच्या हाती पडले तरी अर्थ कळू नये म्हणून व्यापारी बोली वापरली, एवढे सांगून आपण सहसा पुढे जातो. पण त्या मजकुराकडे माहितीची मांडणी म्हणून पाहिले तर लिहिणाऱ्याचे कसब लक्षात येते. त्याने एकके ठरवली, मोलाप्रमाणे त्यांची उतरंड लावली, मोजता आले ते आकड्यात दिले आणि जे मोजता आले नाही ते तसे कबूल केले. आलेख काढणाऱ्यालाही मुळात एवढेच करायचे असते. या विद्येचा जुना दोषही त्याच मजकुरात आहे, कारण ज्यांची संख्या सर्वांत मोठी त्यांचाच रकाना कोरा राहिला आहे.

तो कोरा रकाना आज पुन्हा काढून बघण्याचे कारण आहे. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरचे काला अंब हे १४ जानेवारी १७६१च्या लढाईचे स्मृतिस्थळ. आता ते दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. इथल्या आंब्याच्या झाडाखालची जमीन इतके रक्त प्यायली की झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच गेले. त्या जागी विटांचा आणि लोखंडी सळईचा स्तंभ आहे. पानिपत शहरात लढायांचे संग्रहालय आहे. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून लोक काला अंबला येतात, हरियाणातला रोड मराठा समाज जमतो, आणि २०२५ साली महाराष्ट्र सरकारने इथे मराठ्यांच्या शौर्याचे मोठे स्मारक उभारण्याचे जाहीर केले. स्मारक म्हटले की आपल्याकडे अश्वारूढ पुतळा, भित्तिशिल्पे आणि प्रकाश-ध्वनी कार्यक्रम हे त्रिकूट ठरलेले असते. या स्मारकाच्या केंद्रस्थानी मात्र आकड्यांचे प्रदर्शन असावे, असे म्हणायला चांगला आधार आहे. चित्रकार, आरेखक आणि इतिहासकार यांनी एकत्र बसून केलेली ती मांडणी असावी, आणि तिचा मुख्य विषय तो हिशेबाबाहेर राहिलेला खुर्दा असावा.

आकडे चित्रात बसवणे ही कला आहे की कारकुनी, हा वाद जुना आहे आणि त्याचे उत्तर एका लढाईच्याच नकाशाने दिले. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली, आयुष्याच्या अखेरीस, नेपोलियनच्या १८१२च्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. नेमन नदी ओलांडताना ४ लाख २२ हजारांचे सैन्य एका रुंद पट्ट्याने दाखवले आहे आणि दर दहा हजार माणसांना एक मिलिमीटर रुंदी असे प्रमाण आहे. मॉस्कोपर्यंत पट्टा एक लाखावर येतो. परतीचा काळा पट्टा आणखी बारीक होत जातो आणि नेमनपाशी पुन्हा पोचतो तेव्हा दहा हजार उरलेले असतात. खाली परतीच्या वाटेवरचे तापमान नोंदवले आहे. या कागदावर नेपोलियनचे चित्र नाही, तोफ नाही, घोडा नाही. तरीही सेनापतीच्या महत्त्वाकांक्षेची किंमत कोणी भरली हे तो नकाशा इतक्या स्पष्टपणे सांगतो की दीडशे वर्षांनंतरही आरेखनाच्या वर्गांत तो पहिल्या धड्यात असतो. त्याआधी ११ वर्षे, १८५८ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची वर्तुळाकृती काढली. जखमांनी मेलेल्यांचा रंग वेगळा, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा वेगळा. रोगाच्या पाकळ्या इतक्या मोठ्या निघाल्या की ब्रिटिश सरकारला लष्करी इस्पितळांच्या स्वच्छतेकडे पाहावेच लागले. दोन्ही चित्रांनी लढाईचे वर्णन केले नाही. लढाईत माणसे कशाने मेली हा प्रश्न त्यांनी सोडवला.

हाच प्रश्न पानिपतला विचारून पाहावा. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६०मध्ये भाऊंची फौज परतूरहून निघाली. पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला, दिल्ली हाती आली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. नोव्हेंबरपासून दोन्ही छावण्या पानिपतच्या मैदानावर समोरासमोर ठाकल्या, त्या थेट संक्रांतीपर्यंत. हजार किलोमीटरहून लांब ही वाट मिनारच्या रीतीने काढली तर पट्टा दोन रंगांचा हवा. एका रंगात लढणारे आणि दुसऱ्यात बुणगे, म्हणजे फौजेबरोबर निघालेले व्यापारी, कारागीर, नोकरचाकर, बायकामुले आणि उत्तरेतल्या तीर्थांच्या ओढीने आलेले यात्रेकरू. खाली तापमानाच्या जागी रसदीची रेघ हवी: दिल्लीपर्यंत कुठून धान्य आले, कोणत्या महाली वसूल झाला, यमुनेचा उतार कधी हातातून गेला. डिसेंबरमध्ये बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात अब्दालीची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पुतळ्यांच्या रांगेत या दोन घटना दोन वीरमरणे म्हणून उभ्या राहतात. रसदीच्या रेघेवर त्यांचे वजन सारखे दिसणार नाही, कारण गोविंदपंत गेले आणि शत्रूच्या चुलीपर्यंत पोचू शकणारा हातच तुटला.

अशा मांडणीने पानिपतबद्दलची आपली समजूत बदलते. लोकमानसात ही लढाई एका दुपारी हरली जाते. विश्वासरावांना गोळी लागते, भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरतात, मल्हारराव होळकर मैदान सोडतात, आणि मग अडीच शतके दोष कोणाचा यावर वाद चालतो. शत्रूच्या छावणीतून लढाई पाहणाऱ्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतात मात्र लढाईच्या आदल्या दिवसाचे चित्र आहे: दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा शत्रूवर तुटून पडू, असे लोक भाऊंना सांगतात. लढाई एक दिवस चालली आणि उपासमार अडीच महिने, हे वाक्यात वाचले तर पटते आणि विसरले जाते. भिंतीवर अडीच महिन्यांची पट्टी काढून त्यात लढाईच्या दिवसाला त्याच्याच मापाची जागा दिली, तर ती जागा इतकी लहान असेल की पाहणाऱ्याला कारण कुठे शोधायचे ते आपोआप कळेल. एका माणसाच्या चुकीकडून व्यवस्थेच्या अपयशाकडे नजर वळवणे हे इतिहासकार शंभर पानांत करतात. मोजमाप जपून केलेले चित्र ते एका भिंतीवर करते. माहितीच्या मांडणीला प्रदर्शनात जागा का द्यायची, याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार घेतील, आणि तो खरा आहे. अठराव्या शतकातले आकडे भरवशाचे नाहीत. अब्दालीला मिळालेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या नोकरीत असलेला काशीराज शत्रूपक्षाच्या छावणीत होता. त्याने अब्दालीकडे सुमारे ४२ हजार घोडदळ, ३८ हजार पायदळ आणि ७०-८० तोफा, तर मराठ्यांकडे ५५ हजार घोडदळ, १५ हजार पायदळ आणि २०० तोफा दिल्या आहेत, पेंढारी निराळे. जदुनाथ सरकारांनी १९३४ साली मराठी लढवय्यांचा आकडा ४५ हजारांच्या आसपास आणला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६चा इंग्रजी आणि १९६१चा मराठी ग्रंथ लिहून सगळे प्रकरणच कागदपत्रांवरून पुन्हा तपासले. मग भिंतीवर कोणता आकडा लिहायचा? उत्तर काशीराजाच्याच लेखनात दडले आहे, कारण त्याचे सगळे आकडे सारख्या खात्रीचे नाहीत. अब्दालीच्या दस्त्यांबद्दल तो नेमके सांगतो: २४ दस्ते, प्रत्येकात १२०० स्वार. हा मुन्शीच्या टिपणातला आकडा आहे. मराठी छावणीत सर्व प्रकारची मिळून पाच लाख माणसे होती, हे मात्र तो बोलले जात होते म्हणून नोंदवतो. एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेले हे दोन आकडे पाठ्यपुस्तकात आले की एकाच शाईत छापले जातात आणि सारखेच पक्के वाटू लागतात.

आरेखन नेमके इथे उपयोगी पडते. खात्रीचा आकडा भरीव रंगात, अंदाजाचा फिकट, ऐकीव आकड्याला नुसती तुटक बाह्यरेषा, आणि प्रत्येकाशेजारी तो कोणाच्या तोंडचा ते लिहिलेले. एवढे केले तर शंका लपवावी लागत नाही आणि आकडाही टाकून द्यावा लागत नाही. वॉशिंग्टनचे १९८२चे व्हिएतनाम युद्धस्मारक हे याचे भक्कम उदाहरण. माया लिन या विद्यार्थिनीने वयाच्या विशीत केलेल्या त्या आराखड्यात ५८ हजारांवर नावे मृत्यूच्या क्रमाने काळ्या दगडात कोरली आहेत. मेल्याची खात्री असलेल्या नावापुढे चौकोनी हिऱ्याची खूण आणि बेपत्ता असलेल्यापुढे फुली असते. अवशेष सापडून ओळख पटली की फुलीवर हिरा कोरतात. अनिश्चितता दाखवण्याची आणि पुढे ती दुरुस्त करण्याची सोय दगडातसुद्धा करता येते, हे त्या दोन खुणा सिद्ध करतात. पानिपतला तर बेपत्ता हाच सर्वांत मोठा वर्ग आहे. अठरा वर्षांचे नाना फडणीस त्या दिवशी निसटले आणि पुण्याला पोचले, पण बरोबर असलेल्या त्यांच्या आईचा पत्ता लागला नाही. पेशवाईचा कारभार पुढे ज्याने हाकला त्याच्या घरातली ही गत, तर पालखीमागून चालणाऱ्या कुणब्याच्या घराची कल्पना करावी.

मोजमाप कुठे घेतले यावर चित्र कसे पालटते, हे मुंबईने अलीकडेच अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. शहराची सरासरी काढली असती तर ती दोन्ही ठिकाणांबद्दल खोटे बोलली असती. त्या पुरानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात ‘सोक’ हे प्रदर्शन मांडले. नकाशावर जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये काढलेली रेघ हाच मूळ घोटाळा आहे, असा त्यांचा दावा होता. खाडीच्या या शहरात ओल भरती-ओहोटीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे हलते, म्हणून त्यांनी सपाट नकाशाऐवजी जमिनीचे उभे छेद काढले आणि पाणी मुरण्याच्या पायऱ्या दाखवल्या. कलादालनात टांगलेल्या त्या चित्रांनी पुराकडे पाहण्याची दिशा बदलली. पाण्याला हद्दीबाहेर ठेवण्याऐवजी त्याला जागा करून देण्याचा विचार त्यांनी मांडला. १७६१च्या मैदानाचे नकाशेही असेच खोटे धारदार असतात. दोन्ही फौजा दोन नीट आयतांत बसवलेल्या असतात आणि मराठी आयताच्या मागे कोरा कागद असतो. वास्तविक त्या कोऱ्या कागदावर हजारो निःशस्त्र माणसे उभी होती. लढाईची रचना, तोफांचा पल्ला आणि माघारीची वाट या सगळ्यांवर त्या गर्दीचा भार होता.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. लोक काला अंबला मस्तक टेकायला येतात. त्यांना तक्ते आणि आलेख दाखवणे हा श्रद्धेचा अपमान नाही का? आकडा माणसाला थंड करतो, असे त्यामागचे गृहीत. पण पानिपतची लोकस्मृतीच मुळात आकड्यांतून बोलते. लाख बांगडी फुटली असे म्हणताना मराठी बाईने मेलेल्यांची संख्या विधवांच्या हातांवरून मोजली आणि झाड काळे पडले असे म्हणणाऱ्याने ती रंगात दाखवली. भावना आणि मोजणी यांत भांडण असते तर ही रूपे अडीचशे वर्षे टिकली नसती. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांच्या ‘एपिलॉग’ या कामात त्यांच्या वडिलांनी आयुष्यात पाहिलेले सुमारे २२ हजार चंद्र आहेत, आणि प्रत्येक चंद्राच्या जागी कलेकलेने खाल्ली गेलेली पोळी आहे. एका माणसाच्या आयुष्याचे दिवस मोजून मांडले की ते किती जड होतात हे तिथे समजते. दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ साली खुले झाले तेव्हा तिथे २५,९४२ जवानांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर, वर्तुळाकार भिंतींत कोरलेली होती. त्या भिंतींपाशी लोक थांबतात ते संख्येमुळे आणि नावांमुळे, दोन्हींमुळे. नावे मिळाली कारण आधुनिक फौज हजेरीपट ठेवते. बुणग्यांचा हजेरीपट कोणी ठेवला नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी संख्येचा अंदाज हीच एकमेव श्रद्धांजली आपल्या हाती उरते.

तिसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो: मृत्यूची सुंदर चित्रे करणे हीच मुळात हिडीस गोष्ट आहे. २०१४ साली लंडनच्या टॉवरच्या खंदकात पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांनी मातीची ८,८८,२४६ लाल फुले रोवली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश आणि वसाहतींच्या प्रत्येक सैनिकासाठी एक. लाखो लोकांनी गर्दी केली आणि टीकाकारांनी विचारले की यात रक्त, चिखल आणि शत्रूपक्षाचे मेलेले कुठे आहेत. हा प्रश्न टाळता येत नाही. सौंदर्याची कसोटी एवढीच धरावी की त्याने वाचन सोपे केले पाहिजे. प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यात एक तुलना, एक कारण आणि एक शंका उरली तर सौंदर्याने काम केले. नुसता लाल रंग उरला तर ती सजावट. आज भिंतभर हलत्या प्रकाशचित्रांची फॅशन आहे. संगणक लाखो ठिपके नाचवतो, बघणारा भारावतो, आणि एक ठिपका म्हणजे काय हे विचारले तर सांगू शकत नाही. खालच्या कोपऱ्यातले प्रमाण आणि खुणांचा तक्ता हे अशा चित्राचे व्याकरण आहे. ते गेले की उरलेला खर्च आतषबाजीचा. टॉवरच्या फुलांचा मोठेपणाही त्यातच होता की एक फूल म्हणजे एक माणूस हे प्रत्येकाला माहीत होते. त्यांची मर्यादाही तिथेच, कारण कोणाला फूल द्यायचे नाही हे आधीच ठरले होते.

त्या मर्यादेचा धडा काला अंबला सर्वांत आधी लागू होतो, कारण ही जमीन हरियाणाची आहे आणि इथे मेलेले सगळे मराठी नव्हते. अफगाण आणि रोहिले पडले. इब्राहिमखानाचे गारदी मराठ्यांच्या बाजूने लढून पडले. आसपासच्या गावांचे धान्य आणि चारा दोन्ही फौजांनी महिनोन्‌महिने खाल्ला. पळणाऱ्यांपैकी अनेकांना वाटेतल्या जमीनदारांनी मारले असे काशीराज लिहितो, आणि तीच वाट पुढे गेल्यावर सूरजमल जाटाच्या राज्यात वाचलेल्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी मिळाले. या सगळ्याचे रकाने एका भिंतीवर आले तर शौर्य कमी होईल, ही भीती निराधार आहे. उपाशी पोटी, पाठीमागे निःशस्त्र माणसांचा लोंढा असताना आणि परकी रयत विटलेली असताना फौज दुपारपर्यंत वरचढ राहिली, हे शौर्याचे माप या रकान्यांशिवाय कळतच नाही. स्तुतिपाठकाला मोठे विशेषण लावता येते, पण ते किती मोठे हे सांगण्याची सोय त्याच्याकडे नसते.

सर्वसामान्य माणसाला आलेख कळत नाहीत, ही अडचण शेवटची आणि सर्वांत दुबळी. ऑटो नॉयरथने १९२५ साली व्हिएन्नात कामगारांसाठी समाज आणि अर्थव्यवस्थेचे संग्रहालय काढले तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती. त्याने एक साधा नियम घालून दिला: मोठी संख्या मोठ्या चित्राने दाखवू नये, त्याच मापाची जास्त चित्रे काढावीत. गेर्ड आर्न्ट्‌झने त्यासाठी ठसठशीत आकृत्या कोरल्या आणि मारी नॉयरथने आकड्यांचे चित्रात रूपांतर कसे करायचे याची शिस्त बसवली. स्वच्छतागृहाच्या दारापासून विमानतळापर्यंत आज दिसणाऱ्या खुणांवर त्या शिस्तीचा प्रभाव आहे. आपला प्रेक्षक तर त्याहून तयार आहे. पंचांगातला तिथी-नक्षत्रांचा तक्ता, रेल्वेचे वेळापत्रक, सातबाऱ्याचे रकाने, क्रिकेट सामन्यात दर षटकागणिक वाढणारे धावांचे खांब, हे सगळे सातारचा शेतकरी आणि करनालचा विद्यार्थी सहज वाचतो. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात २०१६ साली भारतातल्या वास्तुकलेच्या स्थितीवर भरलेल्या प्रदर्शनात राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी व्यवसायाची आकडेवारी मोठ्या तक्त्यांत मांडली होती आणि त्यावर वास्तुकारांच्या बाहेरही चर्चा झाली. लोकांना आलेख कळत नाहीत असे म्हणणाऱ्याला बहुधा चांगला आलेख काढायचे कष्ट नको असतात.

हे कष्ट कुठून सुरू करायचे तेही ठरलेलेच आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ची पत्रे आहेत. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली निघाले. पुण्याचे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह त्याहून कितीतरी मोठा आहे. मेलेल्या शिपायाच्या मुलांसाठी सरकारातून बालपरवेशी मिळत असे. वतने वारसांच्या नावे होत. सावकार बुडीत कर्जे लिहून ठेवत. माणूस स्वतः नोंदला गेला नसला तरी त्याच्या मागे राहिलेल्यांचा खर्च नोंदला गेला, आणि त्या खर्चावरून माणूस मोजता येतो. गावागावांत पानिपतावर गेलेल्या पुरुषांची नावे सांगणारी घराणी अजून आहेत. त्यांचे म्हणणे तपासून, पुराव्याच्या प्रतीप्रमाणे वेगळ्या रंगात, रकान्यात घालता येईल. हे काम मोडी वाचणाऱ्यांचे, संख्याशास्त्रज्ञांचे आणि आरेखकांचे मिळून आहे आणि त्याला वर्षे लागतील. पुतळ्याची निविदा एका महिन्यात निघू शकते, म्हणून सरकारी घाईत आधी चौथरा बांधून होतो आणि आत काय ठेवायचे याचा विचार उद्‌घाटनाच्या तोंडावर होतो. काला अंबला हा क्रम उलटा लावणे शक्य आहे, कारण तिथे अजून सगळे कागदावरच आहे. आधी मोजणीला पैसे आणि माणसे द्यावीत, तिचा जो आकार निघेल त्यावरून वास्तुकाराने दालन काढावे, आणि नवा कागद सापडला की भिंतीवरचा आकडा बदलण्याची तरतूद स्मारकाच्या नियमावलीतच असावी.